गोमतीपलीकडचं अलीगंज

लखनऊ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? भुलभुलैया, रूमी दरवाजा, चिकनचे कुर्ते आणि कबाब. बरोबर ना? सहलीला आलेली माणसं एवढंच बघतात, हजरतगंजमध्ये फेरफटका मारतात आणि परतीची गाडी पकडतात. गोमती नदीचा पूल ओलांडून उत्तरेकडे सहसा कुणी येत नाही.

आज मी तुम्हाला त्याच पलीकडच्या काठावर नेणार आहे, अलीगंजला. नोकरीच्या निमित्ताने मी इथे भाड्याच्या खोलीत राहते. नकाशावर बघाल तर अलीगंज म्हणजे शहराचा एक भाग. सेक्टर ए, सेक्टर बी करत करत अक्षरं थेट क्यूपर्यंत जातात. पण सेक्टरच्या सरळ रस्त्यावरून एखाद्या आतल्या गल्लीत शिरा. चौधरी टोला, मेहंदी टोला अशी नावं लागतील. टोला म्हणजे आपल्याकडची वाडी किंवा आळी. कडुलिंबाखाली खाट टाकून बसलेले आजोबा दिसतील, दारात बांधलेली म्हैस दिसेल. शहर वाढत आलं आणि गावाला त्याने चारी बाजूंनी वेढलं, पण गाव काही पूर्ण विरघळलं नाही.

गंज म्हणजे काय?

लखनऊमध्ये गंज मोजायला बसलात तर बोटं पुरणार नाहीत. हजरतगंज, हुसेनगंज, मौलवीगंज, डालीगंज, हसनगंज, चांदगंज आणि आमचं अलीगंज. गंज म्हणजे बाजार, विशेषतः धान्याचा. हा शब्द आपल्याला परका नाही. पुण्यात महात्मा फुले यांचा वाडा ज्या पेठेत आहे, तिचं जुनं नाव गंज पेठच.

१७७५ मध्ये नवाब आसफउद्दौलाने अवधची राजधानी फैजाबादहून लखनऊला आणली. राजधानी आली म्हणजे दरबार आला, फौज आली, कारागीर आले आणि या सगळ्यांना रोज लागणारं धान्य, भाजी, दूध, चारा आला. नवाब, बेगमा आणि सरदार आपापल्या नावाने बाजार वसवू लागले. शहराची मुख्य वस्ती गोमतीच्या दक्षिण काठावर होती. उत्तर काठावर शेतं, आमराया, बागा आणि छोटी गावं होती. अलीगंज त्यातलंच.

पानिपतवाला शुजा आणि बेगमेचं स्वप्न

आता थोडं मागे जाऊ, कारण इथे आपला मराठी माणसाचा एक जुना धागा आहे. अवधचा नवाब शुजाउद्दौला तुम्हाला पानिपतच्या गोष्टीतून माहीत असेल. १७६१ च्या लढाईत तो अब्दालीच्या बाजूने उभा होता. त्याच्या पदरी काशीराज पंडित नावाचा दक्षिणी कारभारी होता. मराठे आणि अब्दाली यांच्यातल्या वाटाघाटींत तो होता, आणि त्या युद्धाची हकीकत त्याने पुढे फारसीत लिहून ठेवली. लढाई संपल्यावर विश्वासरावांचा देह मिळवून त्याचे अंत्यसंस्कार हिंदू रीतीने व्हावेत म्हणून शुजाउद्दौलानेच खटपट केली होती.

अलीगंजच्या मारुतीची जी कथा इथे सर्वांत जास्त सांगितली जाते, ती याच शुजाउद्दौलाच्या एका बेगमेची आहे. लोक तिला आलिया बेगम म्हणतात. पुढे १७९८ ते १८१४ या काळात अवधच्या गादीवर बसलेल्या नवाब सआदत अली खान यांची ती आई. ती मूळची राजपूत घराण्यातली होती, असं सांगतात.

कथा अशी. बेगमेला स्वप्नात मारुती दिसला. अमुक ठिकाणी माझी मूर्ती जमिनीत आहे, ती बाहेर काढ, असं त्याने सांगितलं. खणल्यावर खरोखर मूर्ती निघाली. ती हत्तीवर ठेवून मिरवत नेत असताना अलीगंजपाशी हत्ती जो बसला, तो उठेचना. माहुताने सगळे उपाय केले, पण हत्ती जागचा हलेना. शेवटी बेगमेने तिथेच देऊळ बांधायचं ठरवलं. ते अलीगंजचं जुनं हनुमान मंदिर.

आपल्याकडेही गावोगावी अशा कथा आहेत, नाही का? बैलगाडी अडली, पालखी जड झाली, देवाने आपली जागा स्वतः निवडली. लोक आपल्या गावावर किती प्रेम करतात, ते अशा कथांतून कळतं. देवाला राजधानीत जायचं नव्हतं, त्याला आमच्या गावात राहायचं होतं, असं ते जणू सांगत असतात.

शिखरावरचा चंद्र

देवळासमोर उभे राहिलात की मान वर करून शिखराकडे बघा. तिथे चंद्रकोर दिसेल. मारुतीच्या देवळावर चंद्रकोर का, असं कुणी विचारलं तर इथली माणसं सहज सांगतात, "बेगम साहिबा ने बनवाया था ना!" त्यांच्या आवाजात ना अभिमानाचा आव असतो, ना आश्चर्य. घर बांधणाऱ्याचं नाव दारावर असावं, इतकी साधी ती गोष्ट.

मला हेच फार मोलाचं वाटतं. हल्ली कुठलीही जुनी वास्तू पाहिली की पहिला प्रश्न येतो, ही कुणाची? अलीगंजच्या या शिखराला तो प्रश्न विचारला, तर एका शब्दात उत्तर देता येत नाही. आणि ते देता येत नाही, हेच बरं आहे.

केशराचा व्यापारी

अलीगंजमध्ये हनुमानाची दोन प्रसिद्ध देवळं आहेत, जुनं आणि नवं. 'नवं' म्हणजे कालपरवाचं नव्हे, तेही नवाबी काळातलंच. त्याची कथा जटमल नावाच्या व्यापाऱ्याची आहे. तो केशर आणि कस्तुरी विकायला लखनऊला आला. माल महागाचा, गिऱ्हाईक मिळेना. त्याने मारुतीला नवस बोलला. त्याच सुमारास नवाब वाजिद अली शाह यांच्या कैसरबागेचं काम चाललं होतं. बांधकामात सुगंधासाठी मिसळायला म्हणून नवाबाने सगळं केशर विकत घेतलं आणि व्यापाऱ्याने नवस फेडायला देऊळ बांधलं.

केशर पडलं म्हणून 'केसरबाग', अशी गंमतही लोक पुढे जोडतात. खरं तर कैसर म्हणजे बादशहा. रोमच्या सीझरवरून आलेला हा शब्द. जर्मनीचे बादशहाही स्वतःला कैसरच म्हणवत. वाजिद अली शाह यांनी कैसरबाग १८४८ ते १८५० च्या दरम्यान बांधली आणि १८५६ मध्ये इंग्रजांनी त्यांचं राज्य खालसा करून त्यांना कलकत्त्याला पाठवलं. राज्य गेलं, पण व्यापाऱ्याच्या नवसाची कथा अलीगंजच्या चहाच्या टपरीवर अजून जिवंत आहे.

जेठ महिन्यातला मोठा मंगळ

अलीगंज बघायचं तर ज्येष्ठातल्या मंगळवारी यावं. इथे या मंगळवारांना 'बडा मंगल' म्हणतात. महिन्यातले सगळेच मंगळवार मोठे. लखनऊभर हा सण होतो, पण त्याचं माहेर अलीगंज.

एक गोष्ट लक्षात ठेवा, नाहीतर तारखा चुकतील. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे इथला जेठ आपल्या ज्येष्ठाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. आपल्या कालनिर्णयवर वैशाख वद्य पक्ष चालू असतो, तेव्हा इथे पहिला बडा मंगल होऊनही जातो. वटसावित्रीचंही तसंच. इथल्या बायका अमावास्येला वड पूजतात, आपल्याकडे पंधरा दिवसांनी पौर्णिमेला. पहिल्या वर्षी इथे वडाभोवती सूत गुंडाळणाऱ्या बायका बघून मी आईला फोन केला होता, "अगं, आज वटपौर्णिमा आहे का?" आई म्हणाली, "काहीतरीच काय, अजून दोन आठवडे आहेत!" दोघींचंही बरोबर होतं.

ज्या वर्षी ज्येष्ठ अधिक येतो, त्या वर्षी तर मजाच. मंगळवार चार-पाचाच्या जागी दुप्पट होतात. २०१८ मध्ये नऊ आले होते, २०२६ च्या पंचांगात आठ आहेत.

सोमवारी रात्रीपासूनच देवळाकडे जाणारे रस्ते भरतात. काही भक्त घरापासून देवळापर्यंत लोटांगण घालत येतात. मे महिन्याचं डांबर पायाला चटके देतं, म्हणून बरेच जण रात्रीची किंवा पहाटेची वेळ निवडतात. सोबतची माणसं पुढे पुढे पाणी शिंपडत जातात. देवळाबाहेर जत्रा असते. बुंदीचे लाडू, झेंडूच्या माळा, शेंदूर, लाकडी गदा, शिट्ट्या आणि फुगे. आपल्या गावच्या जत्रेत हरवलेलं सगळं काही इथे सापडेल.

पुरी, बटाट्याची भाजी आणि गार पाणी

पण बडा मंगलचा खरा देव रस्त्यावर भेटतो. चौकाचौकात मांडव पडतात. मोठ्या कढईत पुऱ्या तळल्या जातात, बटाट्याची रस्सेदार भाजी रटरटते, बुंदी द्रोणात पडते, लाल सरबताचे पेले भरले जातात. याला भंडारा म्हणतात. बँकेतले कर्मचारी एकत्र येऊन भंडारा करतात, दुकानदार करतात, गल्लीतली पोरं वर्गणी काढून करतात. मुसलमान शेजारीही सरबत वाटायला उभे असतात. जुनी माणसं सांगतात, पूर्वी गूळ, धने, फुटाणे आणि माठातलं पाणी एवढंच असायचं. आता छोले-भात आणि आइसक्रीमही मिळतं.

इथे कुणी कुणाला जात विचारत नाही, नाव विचारत नाही. गाडी थांबवून हात पुढे केला की पत्रावळ येते. "दीदी, परसाद लेती जाइए," असं म्हणून लहान मुलं अक्षरशः रस्ता अडवतात. नको म्हटलं तर त्यांचा चेहरा पडतो. आपल्या वारीत दिंडीला जेवू घालण्यासाठी गावं जशी वाट बघत उभी असतात, अगदी तसंच.

एका मंगळवारी माझ्या ई-रिक्षाचे चालक भैया एका मांडवापाशी थांबले. आम्ही दोघांनी उभ्याउभ्या पुरी-भाजी खाल्ली. ते सीतापूरकडच्या गावातले, इथे चार जणांत मिळून खोली घेऊन राहणारे. हात धुताना म्हणाले, "जेठ में मंगल को खाने का पैसा बच जाता है, घर भेज देते हैं।" मी पटकन हिशेब केला. चार मंगळवार, दोन वेळचं जेवण. तुम्हाआम्हाला ही रक्कम जाणवणारही नाही. पण त्यांच्या घरी त्या पैशांतून काहीतरी येत असणार, एखादी वही, नाहीतर औषधाची एखादी पट्टी.

तेव्हापासून मी भंडाऱ्याकडे फक्त उत्सव म्हणून बघत नाही. लखनऊच्या जेठात पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि 'लू' म्हणजे गरम वारा अंग भाजून काढतो. त्या दिवसांत रस्त्यावर राबणाऱ्या माणसाला दर मंगळवारी पोटभर अन्न आणि गार पाणी मिळतं, तेही मान खाली न घालता. कारण तो भिकारी नसतो, तो प्रसाद घेणारा भक्त असतो. देणाराही वाकून देतो. ही रीत ज्यांनी सुरू केली, त्यांना माणसाच्या मनाची फार चांगली समज असणार.

एक खंतही सांगते. दुपारनंतर त्याच रस्त्यावर पत्रावळींचे आणि प्लास्टिकच्या पेल्यांचे ढीग पडतात. काही मांडव पानांचे द्रोण आणि मातीचे कुल्हड वापरतात, कचऱ्याची पोती बांधून ठेवतात. तुम्ही आलात तर आपला पेला पोत्यातच टाका. स्वतःची बाटली नेलीत तर आणखी चांगलं.

रोजचं अलीगंज

मंगळ सरला की अलीगंज पुन्हा आपल्या चालीने चालू लागतं. सकाळी खस्ता कचोरी आणि दही-जिलेबी. हो, दह्याबरोबर जिलेबी! मलाही आधी विचित्र वाटलं होतं, आता रविवारी तेच लागतं. कपूरथला चौकात ऑफिसं आणि कोचिंग क्लासची गर्दी. केंद्रीय भवनात सरकारी कचेऱ्या. मुलांसाठी आंचलिक विज्ञान नगरी, चित्रं-शिल्पं बघणाऱ्यांसाठी ललित कला अकादमीचं केंद्र.

संध्याकाळी डंडैया बाजारात भाजी घ्यायला चला, तिथे मराठी माणसाची खरी परीक्षा आहे. काकडी मागाल तर सापासारखी लांब, बारीक, फिकट हिरवी ककडी हातात येईल. आपल्याला हवी ती काकडी म्हणजे इथला खीरा. दुधी म्हणजे लौकी, तूरडाळ म्हणजे अरहर. जूनमध्ये मात्र शब्दांची गरजच पडत नाही, वासच पुरतो. जवळच्या मलिहाबादचा दशहरी आंबा बाजारात उतरतो. हापूसवर प्रेम करणारी मी, दशहरीचं कौतुक करते आहे हे घरी सांगू नका!

बोलण्यातही मौज आहे. इथे माणूस एकटा असला तरी 'हम' म्हणतो. "हम कल आएँगे" म्हणजे तो एकटाच येणार असतो. भाजीवालाही लहान मुलाला 'आप' म्हणतो. माझ्या घरमालकीणबाई, ज्यांना सगळी गल्ली अम्मा म्हणते, रागावल्या तरी 'आप'च म्हणतात. "आप बिल्कुल नालायक हैं," हे ऐकून चिडावं की हसावं कळत नाही.

नदी, पूल आणि आणखी एक मराठी धागा

अलीगंजहून मुख्य शहरात जाताना लखनऊ विद्यापीठ लागतं. १९२० मध्ये कायद्याने स्थापन झालेलं हे विद्यापीठ नवाबी बादशाहबागेच्या जागेवर उभं आहे. पुढे गोमतीकाठी हनुमान सेतूचं देऊळ आहे. १९६० मध्ये गोमतीला मोठा पूर आला होता. त्यानंतर नवा पूल झाला आणि १९६७ मध्ये पुलाजवळ नीम करौली बाबांच्या प्रेरणेने हे देऊळ उभं राहिलं.

नदी ओलांडली की कैसरबाग. इथे थोडा वेळ थांबाच. १९२६ मध्ये पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी लखनऊमध्ये मॅरिस कॉलेज हे संगीत महाविद्यालय सुरू केलं. मुंबईचा हा वकील गावोगावी हिंडून उस्तादांकडून चिजा गोळा करत राहिला आणि हिंदुस्तानी संगीत शिकवायची पद्धत त्याने बसवली. पुढे त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी अनेक वर्षं हे महाविद्यालय सांभाळलं. वाजिद अली शाह यांच्या परीखान्यात ते भरत असे. आज ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून ओळखलं जातं. लखनऊच्या रिक्षावाल्याच्या तोंडून 'भातखंडे' हे नाव ऐकताना किती बरं वाटतं, ते परगावी राहणाऱ्यालाच कळेल.

गाव उरेल का?

अम्मा लग्न होऊन आल्या तेव्हा घराच्या मागे शेत होतं, असं त्या सांगतात. आता तिथे चार मजली इमारत आहे. खाली गाड्या, वर फ्लॅट, दाराला कॅमेरा. कडुलिंब एकेक करून तुटतात. टोल्यातली तरुण मुलं नोकरीसाठी नोएडा आणि बंगळुरूला गेली आहेत. फ्लॅटमध्ये राहायला आलेल्यांना शेजारच्याचं नाव माहीत नसतं.

पण दर जेठात गंमत होते. त्याच इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्गणीचा निरोप फिरतो. वर्षभर एकमेकांशी न बोललेली माणसं पहाटे पाच वाजता बटाटे सोलायला खाली उतरतात. कुणाच्या पुऱ्या फुगत नाहीत, कुणाला मीठ जास्त झालं वाटतं, यावर वाद होतात. अम्मा खुर्ची टाकून सगळ्यांवर देखरेख करतात. चार मंगळवारांपुरतं का होईना, पण गाव परत येतं.

म्हणून मला वाटतं, गाव म्हणजे फक्त शेत, विहीर आणि कौलारू घरं नव्हेत. कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे शेजाऱ्याला कळणं, म्हणजे गाव. ते टिकवायचं तर वर्षातून काही दिवस तरी एकत्र राबायला हवं. तुमच्या सोसायटीत असं काही होतं का? नसेल तर सुरुवात करायला मारुतीच हवा असं नाही. उन्हाळ्यात दारासमोर पाण्याचा एक माठ ठेवला तरी पुरे.

यायचं असेल तर

मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेसने लखनऊला या. चारबागहून मेट्रो पकडून आय.टी. कॉलेज स्थानकावर उतरा आणि तिथून ई-रिक्षाने अलीगंज गाठा. बडा मंगल बघायचा असेल तर मे-जूनमध्ये, पंचांगात उत्तरेचा जेठ तपासून या. सोबत टोपी, पाणी आणि सुती कपडे हवेतच. घरात वयस्कर माणसं असतील तर पहाटेच दर्शन उरका. गर्दी आणि ऊन नको असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या. तेव्हा दुधाच्या फेसाची हलकी, केशरी मख्खन मलाई खायला मिळेल.

आणि जेठात आलात, रस्त्यात एखाद्या मुलाने द्रोण पुढे केला, तर पोट भरलेलं असलं तरी एक पुरी नक्की घ्या. देणाऱ्याला ते हवं असतं.